भिंतीचे कान बंद करण्यापूर्वी

सदर : घराची घडी

भिंतीला कान असतात, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो ते एक इशारा म्हणून. जपून बोल, कोणी ऐकत असेल, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ज्या घरात एका दालनाची दोन करून मध्ये नवी भिंत उभी केली जाते, तेथील मंडळींना हे वाक्य अक्षरशः खरे असल्याचा प्रत्यय पहिल्याच रात्री येतो. दृष्टी अडते, आवाज मात्र अडत नाही. पलीकडची खोकल्याची उबळ, फुलपात्राचा नाद, मोबाईलवरचे हलके बोलणे, सारे काही मध्ये आडोसा नसल्याप्रमाणे येत राहते. मग दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या कानांना भिऊन वागू लागतात.

असेच एक पत्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका भगिनींनी धाडले आहे. वाटणीनंतर वरचा मजला दिरांकडे गेला. खालचे मोठे दालन दुभागून मध्ये साडेचार इंची विटांची भिंत घातली. एका बाजूस सासूबाईंचा पलंग. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना रात्री झोप लागत नाही, डोळा लागतो तो पहाटे. दुसऱ्या बाजूस कन्येची खोली. ती ख्याल शिकते, आणि तिच्या रियाजाची वेळही पहाटेचीच. सासूबाई म्हणतात, ‘माझ्या झोपेचे काय एवढे, गाऊ दे तिला.’ कन्या काही म्हणत नाही, पण आवाज गिळून गाते. दोन महिन्यांनी गुरुजींनी विचारले, ‘आवाज असा मिटला कशाने?’ भिंतीला अद्याप गिलावा झालेला नाही. गवंडी म्हणतो, थर्माकोलचे तावे चिकटवा. सुतार म्हणतो, जाड पडदा लावा. शेजारी म्हणतात, अंड्यांचे ट्रे ठोका. ‘यांपैकी कोणाचे ऐकावे?’ असा भगिनींचा प्रश्न आहे.

उत्तर असे की, यांपैकी कोणाचेही ऐकू नये. मात्र त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. अन्यथा उद्या चौथा सल्लागार येईल.

पडद्याविषयी तर खुद्द ग्वाल्हेरची परंपराच साक्ष देते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ यांचे गाणे होई, ते हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी आडोशास लपून ऐकले व त्यातील ताना आत्मसात केल्या, अशी आख्यायिका ग्वाल्हेर गायकीच्या अभ्यासकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आख्यायिकेतील इतिहास किती, हा विषय वेगळा. परंतु पडद्याआडून तानेची बारीकशी हरकतही ऐकू येते, हे सांगणाऱ्यांनी व ऐकणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. जे कापड त्या तानांना अडवू शकले नाही, ते आजच्या रियाजास कसे अडविणार?

येथे दोन निरनिराळ्या क्रिया ध्यानी घ्यावयास हव्यात. खोलीतल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून तो शोषून घेणे ही एक. एका खोलीतील आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून तो अडविणे ही दुसरी. पहिल्या क्रियेचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस क्लेमेंट सेबिन या तरुण अध्यापकाने रचले. १८९५ साली तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सेबिन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडून घुमण्याचा काळ मोजला, आणि सकाळ होण्यापूर्वी परत नेऊन ठेवल्या. गाद्या जसजशा वाढल्या, तसतसे घुमणे कमी झाले. आवाज शोषण्याचे माप म्हणून त्यांनी जी वस्तू धरली ती मोठी बोलकी आहे : उघडी खिडकी. तिच्याकडे गेलेला आवाज खोलीत परतत नाही, म्हणून खोलीच्या दृष्टीने ती पूर्ण शोषक. पण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा! त्याला सारे गाणे ऐकू येते. गादी, पडदा, स्पंज, अंड्यांचे ट्रे ही सारी कमी-अधिक प्रमाणात खोलीतले घुमणे आवरतात. पलीकडच्या माणसाला त्यांचा उपयोग फारसा होत नाही. शिवाय ट्रे व स्पंज चटकन पेट घेतात, हे वेगळेच.

आवाज अडविण्याचा पहिला गुण म्हणजे वजन. आवाज हा हवेचा कंप. तो भिंतीवर आदळतो, भिंतीला किंचित हलवितो, आणि हललेली भिंत पलीकडची हवा हलविते. भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंस गिलावा धरून, दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. एक इंच जाडीचा थर्माकोलचा तावा चौरस मीटरला अर्धा किलोही भरत नाही. अडीचशेत अर्ध्याची भर घालून काय साधणार? उलट थर्माकोल चिकटवून त्यावर गिलावा केल्यास तो पातळ थर काही स्वरांना स्वतःच थरथरू लागतो व भिंत पूर्वीपेक्षा अधिक बोलकी होते.

आवाज मोजण्याचे माप डेसिबल. ते बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालते. दहा डेसिबल घटले म्हणजे आवाजाची शक्ती एक-दशांश झाली, आणि आपल्या कानाला तो साधारण निम्मा वाटतो. दोन्हीकडून गिलावा केलेली साडेचार इंची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडविते. नऊ इंची भिंत सुमारे ५०. म्हणजे वजन जवळजवळ दुप्पट केले, तर लाभ पाचाचा. दहा फूट लांब व दहा फूट उंच साडेचार इंची भिंत सव्वादोन टनांच्या आसपास भरते, नऊ इंची सव्वाचार टनांच्या आसपास. तळमजल्यावर पाया असेल तर ठीक; वरच्या मजल्यावर हा भार अभियंत्यास विचारल्यावाचून घालू नये. हल्ली लोकप्रिय झालेले पांढरे हलके ठोकळे वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. ते उचलावयास सोपे, उष्णतेला चांगले; पण चार इंची ठोकळ्यांची भिंत आवाज अडविण्यात साडेचार इंची विटांच्या मागेच राहते.

आता भगिनींच्या घरचा हिशेब करू. मोकळ्या गळ्याने गाणारीचा आवाज खोलीत सुमारे ८० डेसिबल धरला, तर ४५ अडवून पलीकडे ३५ उरतात. पहाटेच्या निवांत खोलीत स्वतःची शांतता २५ ते ३० डेसिबलची असते. म्हणजे गाणे मंद, पण ऐकू येणारच. आणि ज्याची झोप सावध आहे त्याला तेवढे पुरते. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे, ते मात्र या भिंतीआड लुप्त व्हावयास हवे. मग सध्या त्यांच्याकडे बोलणेसुद्धा स्पष्ट ऐकू येते, ते का?

याचे कारण दुसऱ्या गुणात आहे. तो गुण म्हणजे भिंतीचे अखंडपण. गिलाव्याविना विटांची भिंत म्हणजे चाळणीच. विटांमधील दर्जा वरवर भरलेल्या असतात, आत पोकळ्या राहतात. शिवाय भिंतीचा माथा आणि छत यांमध्ये फट असते. लष्करकडील जुन्या घरांत छताला दगडी पट्ट्या असतात. त्यांचा तळ सपाट नसतो, आणि गवंडी शेवटचा थर विटांचे तुकडे दाबून कसाबसा बसवितो. दहा फूट उंचीच्या भिंतीच्या माथ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केवळ एक-अष्टमांश इंचाची फट राहिली, तर ती भिंतीच्या क्षेत्राचा एक-सहस्रांश भाग होय. पण तेवढ्याने ४५ डेसिबलची भिंत ३० वर येते. शंभर चौरस फुटांत एक चौरस फूट झरोका ठेवला, तर ती २० वरच थांबते. मग बाकीची भिंत दगडाची असो वा पोलादाची. पाण्याने भरलेल्या हौदाला तळाशी भोक असावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून गिलाव्यापूर्वीचे हे दिवस मोलाचे आहेत. प्रथम भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या दर्जा खरवडून मालाने ठासून भराव्यात. माथ्याकडील फट ओल्या तुकड्यांनी व मालाने दोन्हीकडून दाबून भरावी, एका बाजूने लिंपून समाधान मानू नये. नवी भिंत जुनीला मिळते त्या कोपऱ्यात पुढे हमखास तडा जातो. तेथे गिलाव्याखाली तारेची जाळी मारावी. छताखाली पीओपीचे दुसरे छत घालावयाचे असेल, तर भिंत मूळ छतापर्यंत नेऊन मगच ते घालावे. भिंत खोट्या छताशी थांबली, तर आवाज तिच्या डोक्यावरून निवांत पलीकडे उतरतो. विजेची खोकी दोन्ही बाजूंस समोरासमोर कोरू नयेत, कारण तेथे भिंतीची जाडी इंचभरही उरत नाही. ती फूट-दोन फूट अंतराने सरकवावीत आणि खोक्याभोवती माल भरून घ्यावा. पाठीला पाठ लावून कोनाडे काढण्याचा मोहही टाळावा. त्यानंतर दोन्ही बाजूंस अर्धा इंच गिलावा करून त्यावर सात दिवस नीट पाणी मारावे. गिलावा पुरता वाळल्यावर कडेच्या चारही सांध्यांत लवचीक लांबी भरावी, म्हणजे पुढे बारीक तडे गेले तरी वाट फुटणार नाही.

एक साधी परीक्षा सांगतो. रात्री एका खोलीत दिवा लावावा आणि दुसरीत अंधार करून भिंतीच्या कडा न्याहाळाव्यात. जेथून उजेडाची रेघ येते, तेथून आवाजही येतो.

दोन्ही खोल्यांना जोडणारे दार असेल, तर भिंतीचा सारा पराक्रम तेथे गळून पडतो. पोकळ फ्लश दार सुमारे २० डेसिबलच अडविते. दाराने भिंतीचा पाचवा हिस्सा व्यापला, तर ४५ ची भिंत आणि ते दार मिळून हिशेब २७ वर येतो. शक्य असेल तर असे दार बुजवून दोन्ही खोल्यांना बाहेरच्या सोप्यातून वेगवेगळी वाट द्यावी. ठेवावयाचेच असेल तर भरीव लाकडाचे जड दार, चौकटीभोवती रबराची पट्टी आणि खाली उंबरठा हवा. आपल्या जुन्या घरांतील उंबरठा धार्मिक विधींपुरता नव्हता. दार त्याच्यावर टेकून बंद होई आणि तळची फट राहत नसे. हल्लीच्या दारांखालून बोटभर उजेड दिसतो. मात्र सासूबाई काठी घेऊन चालत असतील, तर त्यांच्या वाटेवर उंबरठा मुळीच नको. तेथे दाराच्या तळास रबराची झालर लावावी.

खिडक्यांचाही विचार करावा. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या एकाच चौकात उघडत असतील, तर आवाज एकीतून बाहेर पडून दुसरीतून आत येईल. रियाजाच्या वेळी कन्येने चौकाकडची खिडकी लावावी, आणि हवेसाठी दुसऱ्या बाजूची उघडावी. सर्व फटी बुजविलेल्या खोलीत हवेची वाट ठेवणे अगत्याचे आहे. बंद खोलीत तासभर गाणाऱ्या मुलीला श्वासही हवा.

एवढे केल्यावर भिंत तिच्या पुऱ्या ४५ ची होईल. घरातील बोलणे, भांडी, मोबाईल यांची चिंता मिटेल. पहाटेच्या ख्यालासाठी मात्र आणखी एक पायरी चढावी लागते, आणि येथे तिसरा गुण उपयोगी पडतो : विलगपणा. एक जड थर आणि त्याच्यापासून सुटा असा दुसरा थर, मध्ये हवा व तंतुमय भरण, अशी रचना केली असता एका थराचा कंप दुसऱ्याला सहज पोहोचत नाही. जिप्समच्या दुहेरी तक्त्यांची, मध्ये रॉकवूल घातलेली भिंत वजनाने नऊ इंची विटांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असूनही बोलण्याच्या पट्टीतील आवाज तिच्याइतकाच अडवू शकते, ते याच गुणामुळे.

भगिनींनी विटांच्या भिंतीपासून इंचभर सोडून कन्येच्या बाजूस दोन इंची सांगाडा उभा करावा. तो खाली फरशीला, वर छताला व दोन्ही बाजूंच्या भिंतींना रबराची पट्टी घालून जोडावा. विटांच्या नव्या भिंतीला तो कोठेही टेकता कामा नये. एक खिळा जरी आरपार गेला, तरी तो कंपाला पूल बांधून देतो. सांगाड्यात रॉकवूलच्या दोन इंची गाद्या बसवाव्यात. त्यावर अर्ध्या इंची जिप्समचे तक्ते दोन थरांत ठोकावेत. वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत, आणि चारही कडा लांबीने बंद कराव्यात. रॉकवूल हाताळताना कारागिरांनी हातमोजे व नाकाला फडके बांधावे. यात खोलीची चार-साडेचार इंच जागा जाते, आणि दहा डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक लाभ होतो. पूर्वी ३५ पोहोचत होते, तेथे आता २५ पोहोचतील, आणि ते पहाटेच्या शांततेतच विरून जातील.

हा थर कन्येच्या बाजूस का, तर सासूबाईंच्या बाजूची विटांची भिंत उघडी राहावी म्हणून. उठता-बसता धरण्यासाठी तेथे दांडी बसवावी लागेल, आणि ती विटांतच घट्ट बसते. जिप्समच्या तक्त्यावर माणसाचा भार टाकता येत नाही.

सर्व आवाज सारखेच अडतात, असे मात्र समजू नये. बारीक व चढे स्वर लवकर हरतात. खर्ज आणि ठोके चिवट. तंबोरा नाहीसा होईल, तार सप्तकातील स्वर नाहीसे होतील, पण साथीला तबला बसला तर डग्ग्याचा घुमारा अंधुक जाणवेल. तबल्याखाली रबराची चटई व त्यावर जाड गालिचा घातल्यास जमिनीतून जाणारा ठोका कमी होतो. मिक्सर, शिवणयंत्र, भिंतीला लागून सरकणारा पलंग यांचा कंप थेट भिंतीत शिरतो. असल्या वस्तू नव्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत निकडीची गोष्ट. उत्तम भिंत आवाज निवडत नाही. जी नातीचे गाणे अडवील, ती आजीची हाकही अडवील. आजवर मोठ्या दालनात सासूबाईंचे नुसते कण्हणे ऐकून कोणीतरी उठत असे. भिंत पुरी झाल्यावर त्या पडल्या, किंवा रात्री त्यांनी पाणी मागितले, तरी पलीकडे कळणार नाही. गिलाव्यापूर्वीच त्यांच्या पलंगाशी घंटेच्या कळीसाठी तारेची नळी भिंतीत टाकून घ्यावी. एक कळ उशाशी, दुसरी न्हाणीघरात हात पोहोचेल इतक्या खाली, आणि घंटा सूनबाईंच्या खोलीत. बिनतारी घंटाही बाजारात सहज मिळते. फक्त तिचे सेल ठराविक दिवशी बदलण्याचे कोणीतरी अंगावर घ्यावे. ही घंटा बसून चालू झाल्याखेरीज दुसऱ्या थराचे काम सुरू करू नये.

गिलावा वाळून तक्ते ठोकण्यायोग्य भिंत व्हावयास तीन-चार आठवडे तरी लागतील. तोवर कन्येने आवाज गिळून गाऊ नये, ती सवय गळ्याला जडते. सासूबाई सकाळी चौकात उन्हाला बसतात, असे पत्रात आहे. ती वेळ रियाजास घ्यावी, आणि खोलीचे दार उघडे ठेवावे. आजींनी ‘गाऊ दे तिला’ म्हटले आहे, ते केवळ सोसण्यापोटी म्हटले असेल असे मला वाटत नाही. जाग्या असताना त्यांना ते गाणे ऐकावयाचेच असेल.

असो. घंटेची कळ कोठे बसविली, ते भगिनींनी अवश्य कळवावे. पुढील अंकी पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी कशी करावी, याचा विचार करू.